काळीचा ठिपका

रोहिणीनं घाटघरच्या आपल्या मेंढरांसाठी वेबपेज बनवलं होतं. गळ्यातल्या जीपीएस पट्ट्यामुळे प्रत्येक मेंढी नकाशावर ठिपका होऊन दिसे.

काळी मेंढी बिबट्यानं मारली, तेव्हा रोहिणीनं फिल्टर फंक्शन लिहून तिला ॲरेतून, म्हणजे मेंढरांच्या यादीतून, गाळलं. तरी कळपापुढं काळीचा ठिपका चालतच राहिला. फंक्शनमध्ये चूक नव्हती. काळीचा पट्टा तर समोर टेबलावर होता.

तिनं कळपाबरोबर गेलेल्या वडिलांना फोन लावला. "आबा, कुठं हाय तुमी?"

"धुक्यात वाट दिसंना, पोरी," यमाजी म्हणाले. "पण काळी पुढं हाय. तिच्याच मागं चाललोय."

ठिपका कडा ओलांडून दरीवर गेला.

"आबा, थांबा!"

"थांबलो," आबा पुटपुटले. "पण आता ती माघारी येतीया."