पाकिटावरची तारीख

लाखेची मोहोर शाबूत होती. तिच्याखाली तारीख होती, वीस ऑक्टोबर.

जोसाया थर्लोंनी ती चौथ्यांदा वाचली. चौतीस वर्षांपूर्वी हेनिंग वोल्टर्स या जर्मन गणितीनं हे पाकीट लंडनच्या गणित मंडळात ठेव म्हणून ठेवलं होतं. कलनाची, म्हणजे कॅल्क्युलसची, रीत नेमकी कोणाची, हे आज त्यावरून ठरणार होतं.

थर्लोंचं म्हणणं साधं होतं. त्या वर्षी बारा ऑक्टोबरला त्यांनी वोल्टर्सला घरी जेवायला बोलावून ती रीत समजावून दिली, आणि त्या चोरानं ती स्वतःच्या नावावर छापली. पुरावा मात्र नव्हता. जुने कागद उंदरांनी खाल्ले होते.

"वीसला फसू नका हं," मंडळाचे चिटणीस स्पिंक म्हणाले. "ही जर्मन माणसाची तारीख. त्यांचं कॅलेंडर आपल्या दहा दिवस पुढे. म्हणजे आपली दहा."

दहा! जेवणाच्या दोन दिवस आधी. म्हणजे वोल्टर्सला सगळं ठाऊक होतं. त्या संध्याकाळी तो निव्वळ सभ्यपणानं ऐकत बसला होता.

"चेहरा का उतरला, थर्लोसाहेब? आज तर तुमच्या चोराची धिंड निघायची!" स्पिंक हसत सभासदांना बोलवायला गेले.

थर्लोंनी पाकीट उचलून हातात घेतलं. उभा जन्म ज्याला चोर म्हटलं, तो साव. मग चोर कोण ठरणार? सत्तरीत तोंड लपवायचं तरी कुठे?

शेगडीत कोळसे लाल होते. त्यांनी पाकीट आत सरकवलं. आधी लाख वितळली, मग कागद काळा पडला.

दार हळूच उघडलं. वोल्टर्स! वाळून काटकी झालेला, धापा टाकत.

"पाकीट कुठंय?"

थर्लोंची नजर शेगडीकडे गेली. वोल्टर्सनं वाकून राख पाहिली आणि मटकन खुर्चीत बसला. तो रडतोय की हसतोय, कळेना.

"तुम्ही जाळलंत? तुम्ही? अहो, मी समुद्र ओलांडून आलो ते हेच चोरायला!"

"पण तारीख... आमची दहा..."

"मी लंडनमध्ये होतो, साहेब. तारीख लंडनचीच घातली. तेव्हा तरुण होतो, प्रामाणिकही होतो. पहिलंच वाक्य लिहिलं होतं, 'ही रीत मला थर्लोंनी शिकवली.'"