थोरल्याचं वय

परतूरला मच्छिंद्रचं नेट कॅफे होतं. गावातल्या कुटुंबांच्या नोंदणीसाठी त्याने इंटरनेटवरचा फॉर्म बनवला आणि तो तपासून बघायला आधी आईलाच बसवलं. म्हाताऱ्या माणसांना दिसावीत म्हणून अक्षरं मोठी होती, आणि चूक झाली की त्याच रकान्याखाली साध्या मराठीत कळत होती.

"नुसतं 'चुकलं' म्हणून भागत न्हाई, आई. काय चुकलं ते सांगाया पाह्यजे," तो म्हणाला आणि एका गिऱ्हाइकाला प्रिंट काढून द्यायला वळला.

कौसल्याबाईंनी एका बोटाने नाव भरलं, गाव भरलं. अपत्यं दोन. थोरल्याचं वय अकरा, धाकट्याचं चोवीस. लगेच खाली लाल ओळ उमटली: 'थोरल्याचं वय धाकट्यापेक्षा कमी असू शकत नाही.'

"बघ, बराबर पकडलं!" मच्छिंद्र मागून खूश होऊन म्हणाला. "पण दोन अपत्यं कुठनं आणलीस तू? मी एकटाच की."

पडद्यावरची नजर न हलवता, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात आई बोलली.



"थोरला अंकुश. तू पाळण्यात होतास तवा गेल्ता तो. आता त्याचं वय कसं वाढवू?"