राहेलबाईंच्या पायाचं माप

चर्चचं पाळकपण सोडलं नसतं, तर शमुवेलला रिटायर होईपर्यंत बंगला, घरोघरी पहिला लेगपीस आणि उलट न बोलणारी मंडळी मिळाली असती. पण स्वतःचेच उपदेश त्याला पोकळ वाटू लागले आणि तो मेव्हण्याच्या कोल्हापुरी चपलांच्या दुकानात, गिऱ्हाइकांच्या पायाशी बसू लागला. दुपारी गुडघे ठणकत, पण तेलाच्या, कातड्याच्या वासात दुकान स्वप्नासारखं तरंगायचं. एकदा तरंगतच त्याच्या जुन्या चर्चच्या मंडळीतल्या राहेलबाईंचं पाऊल समोर आलं. सवयीनं त्याचे डोळे प्रार्थनेला मिटले. “प्रार्थना ऱ्हाऊ द्या पाळकसाहेब, माप घ्या.” तळव्यावर भाजल्याचे जुने डाग होते. उपदेश गिळून त्यानं विचारलं, “हे कशानं?” “पोराच्या मातीला अनवाणीच आलते. मे महिना. तुमी कबरीपाशी तासभर बोललासा.” पाऊल हातात धरून त्यानं माप घेतलं. भाषणाचं कौतुक त्याला मिळालं होतं. चटके तिनं सोसले होते.