मिस्त्रींचे गुडघे

डॉक्टरबाईंनी टेबलावरचा प्लास्टिकचा गुडघा उचलला, वाकवून दाखवला आणि मिस्त्रींच्या हातात दिला.

मिस्त्रींनी तो उलटसुलट करून पाहिला. चाळीस वर्षं लोकांच्या घरांत फरश्या बसवलेला माणूस. हातात आलेल्या वस्तूच्या कडा आधी तपासायच्या, ही सवय. "सांधा चांगला बसवलाय," ते म्हणाले.

"तुमचा असा राहिलेला नाही." डॉक्टरबाईंनी एक्स-रे उजेडावर धरला. "या दोन हाडांमध्ये गादी असते. तुमची झिजून गेली. दोन्ही पायांत. आता हाडावर हाड घासतंय."

मिस्त्रींच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलीने वही उघडली. ती प्रश्न लिहूनच आली होती. मिस्त्रींच्या मागे, भिंतीशी बायको, पिशवी मांडीवर धरून बसलेली.

"पहिला उपाय व्यायाम. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार हलका होतो."

"व्यायाम?" मिस्त्री म्हणाले. "मला खुर्चीतून उठताना देव आठवतो."

"गोळ्या तुम्ही आधीच इतक्या खाल्ल्यात की पोट बिघडलंय. मग राहतं इंजेक्शन. कुणाला तीन-चार महिने आराम पडतो, कुणाला तीन आठवडे."

"आणि मला?"

"ते आधी सांगता येत नाही."

मिस्त्रींनी मान हलवली, पण ती होकाराची होती की नकाराची, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. "फरशीचे सांधे मोकळे झाले की आम्ही पांढरं सिमेंट भरतो. तसंच का हे?"

"बाबा," मुलगी दबक्या आवाजात म्हणाली.

"जवळजवळ तसंच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण खालची जमीनच खचली असेल, तर किती वेळा भराल?"

"मग फरशी उखडावी लागते."

"तेच. गुडघा बदलायचा."

एवढं मिस्त्रींना लख्ख कळलं. पण कळलं म्हणेपर्यंत मुलीचे प्रश्न सुरू झाले. अख्खा बदलायचा की अर्धा? दोन्ही एकदम की एकेक? आत्ता की आणखी दोन वर्षांनी? डॉक्टरबाई एकेकाचं नीट उत्तर देत होत्या आणि प्रत्येक उत्तराच्या मध्यावर एक 'पण' येत होता. गेलं वर्षभर हेच चाललं होतं. कामावरचा गवंडी म्हणायचा पट्टा बांध, शेजारीण म्हणायची तेल चोळा, व्याही म्हणायचे काही झालं तरी चाकू लावू देऊ नका. जितकी डोकी तितके गुडघे.

"बदलल्यावर दुखणार नाही ना?" मिस्त्रींनी मध्येच विचारलं.

"पहिले काही महिने दुखेल. मग बहुतेकांचं दुखणं जातं."

"म्हणजे काम करता येईल."

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. "क्षणभर गुडघा टेकणं निराळं. दिवसभर गुडघ्यांवर बसून फरशी लावणं, ते विसरायचं."

मिस्त्रींनी प्लास्टिकचा गुडघा हळूच टेबलावर ठेवला.

"लोक म्हणतात माझी अक्कल गुडघ्यात आहे," ते म्हणाले. "खोटं नाही ते. फरशी केसभर वर आली तरी माझ्या डोळ्याआधी गुडघ्याला कळतं. म्हणजे दुखणं आणि अक्कल, दोन्ही तुम्ही एकदमच काढणार."

मुलगी हसायला गेली आणि थांबली. "बाबा, परवा तुम्ही पाऊण तास जिन्यात बसून होतात. दोघांनी उचलून वर आणलं. आता कसलं काम आणि कसली फरशी?"

"म्हणून तर विचारतोय. नाही बदलला तरी काम जाणार, बदलला तरी जाणार. मग बदलून मिळणार काय?"

"चालाल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "जिना चढाल. रात्री सलग झोपाल."

"चालत जाऊ कुठे?"

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. ते खरंच विचारत होते. डॉक्टरबाईंनी मुलीकडे पाहिलं. मुलीने वहीत पाहिलं. तिथे हा प्रश्न लिहिलेला नव्हता.

"बाजारात," बायको म्हणाली.

तिघांनीही तिच्याकडे पाहिलं.

"बागेत. माझ्या बहिणीकडे. तिला नव्या घरात जाऊन सहा वर्षं झाली, तुम्ही अजून तिथे पाय ठेवला नाहीत. सगळीकडे मी एकटी जाते. लोक विचारतात, मिस्त्री कुठेत? मी सांगते, कामावर."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

बायकोने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला.

"मला वाटायचं, हातातलं काम संपलं की याल."

मिस्त्री तिच्याकडे बघत राहिले. मग खुर्चीचे दोन्ही हात धरून, एकेक पाय ओढत, त्यांनी आपली खुर्ची वीतभर बाजूला सरकवली. आता डॉक्टरबाईंना बायको समोर दिसत होती.

"पुन्हा पहिल्यापासून सांगा," ते म्हणाले. "हिला सांगा."