आतल्या खोलीतला रंधा

तिचा सुतार नवरा वादळात वाहून गेला, त्याला चार महिने झाले. घर बांधायच्या सरकारी मदतीसाठी त्याच्या मृत्यूचा दाखला हवा होता.

"आधी मृतदेह दाखवा," कारकून दर खेपेला म्हणायचा.

"मग समुद्राकडे अर्ज करू का?" ती फणकारायची.

आज तो तिच्या अर्धवट बांधलेल्या घराच्या पाहणीला आला आणि आत फिरून तणतणतच बाहेर पडला.

"नवरा आत रंधा मारतोय, आणि तुम्ही दाखला मागता?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मेलेल्या माणसाची थट्टा करता?"

"त्यानंच मला नाव सांगितलं!" कारकून आत वळून ओरडला, "अहो मिस्त्री, बाहेर या!"

सकाळपासूनची खरखर थांबली. थांबली तेव्हाच तिला कळलं, आपण ती ऐकत होतो.