पर्समधला देव

“अक्का, पर्स उघडा.”

चनबसप्पानं हात पुढे केला आणि प्रेमलाबाईंनी पर्स छातीशी धरली. धरायला नको होती. राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावरचा पहारेकरी तो, त्याला तेवढंच पुरलं.

पर्समधून रेशमी फडकं निघालं. फडक्यात सुपारीएवढा काळाभोर, गुळगुळीत दगड, मधोमध पांढरी रेघ.

“हितला दगड. गुपचूप घेऊन चाललाय की!”

“दगड काय म्हणतोस? देव आहे आमचा!” बाई कडाडल्या. “देवघरातला महादेवाचा बाण. काल इथं मुक्काम, मुलगा-सून पुण्याला. देवाला काय बिनपूजेचा ठेवू? म्हणून बरोबर आणला.”

“नदीत असलेच पडलेत, अक्का. समद्यास्नी रेघ हाय.”

“ते जानवं आहे त्याचं! रोज न्हाऊ घालते मी, मला कळत नाही?”

“मग गंध कुटं हाय?”

बाईंनी पाहिलं. गंध खरंच नव्हतं. “फडक्याला पुसलं असेल,” त्या म्हणाल्या, पण आवाज उतरला.

चौकीमागं जप्त दगडांची बादली होती आणि बादलीवर तंबाखूच्या पिचकाऱ्या. सासूबाईंनी जाताना हातात दिलेला देव तो. तो तिथं पडणार?

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. मुकुंदराव भूगोलाचे निवृत्त शिक्षक. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये दगडांनी दोन कपाटं भरलेली. काल आत शिरतानाच बाईंनी दम भरला होता, “एक खडा उचललात तर बघा!” आणि नवल म्हणजे माणसानं ऐकलं. लाव्हा कसा थिजला, नदीकाठचं देऊळ कुठल्या राजानं बांधलं, सगळं सांगत नुसता वाकून वाकून बघत राहिला. आज दुपारी बाई पाय धुवायला नदीत उतरल्या, तेव्हा शहाण्या मुलासारखा पर्स सांभाळत बसला. नंतर कांदाभजी आली, तर जळजळतंय म्हणून ताटली सरकवली. बाईंनीही खाल्ली नाहीत. देव ज्याच्या अंगावर त्यानं कांदा खायचा नाही, हा सासूबाईंचा नियम.

एरवी तासभर बोलणाऱ्या या माणसाची आत्ताच मेली दातखीळ बसली होती.

“अहो, बोला की काहीतरी!”

“नियम आहे त्यांचा,” मुकुंदराव पुटपुटले.

चनबसप्पा बादलीकडे वळला.

“थांब!” बाईंनी कपाळाला हात लावला. “माझ्या कुंकवाची शपथ! तो माझाच देव आहे.”

मुकुंदरावांना जोराचा ठसका लागला.

चनबसप्पा जागीच थबकला. घरी त्याची शांतम्माही कपाळभर कुंकू लावणारी. ही शपथ बाईमाणूस खोटी घेत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. त्यानं दगड कपाळाला लावला आणि दोन्ही हातांनी परत दिला.

“चुकलं अक्का. देवाला म्हणावं, रागावू नगंस.”

गाडी निघाली. मैंदर्गी गाव मागं पडलं तरी बाईंचे डोळे वाहतच होते. “दोन शब्द बोलला असतात तर जीभ झडली असती? तुमच्या आयुष्याची शपथ घ्यावी लागली मला!”

मुकुंदरावांनी गाडी कडेला घेतली. शर्टाच्या खिशातून रुमाल काढून तो बाईंच्या मांडीवर उलगडला. आत सुपारीएवढा बाण होता, त्यावर सकाळचं गंध आणि सुकलेलं बेलाचं पान.

“म्हणूनच तर भजी खाल्ली नाहीत,” ते म्हणाले.