देवजीचं निरूपण

सापगावच्या सप्त्यात वामनबुवांच्या दुपारच्या कीर्तनाला यंदा टाळकरी आणि चार म्हाताऱ्या एवढेच उरले. बाकी सगळं गाव चावडीवरच्या नव्या रेडिओपुढे. वेस्ट इंडीजची टेस्ट चालली होती. समालोचन इंग्रजीत, पण कसाऱ्याला रेल्वेच्या साहेबाच्या हाताखाली राबलेला देवजी शेजारी बसून त्याचा अर्थ सांगे.

शेवटी चिपळ्या काखेत मारून बुवा स्वतःच चावडीवर गेले.

"हाकीत सोनं आणलं ते खरे गडी," रघू म्हणत होता. "ह्या चेंडूफळीत काय हाय?"

"जा रे. त्या वेस्ट इंडीजच्या हॉलचा तोफेवानी चेंडू अंगावर येऊ दे, मग बोल," एक पोरगा उसळला.

"हॉलला म्हणावं म्हशाच्या जत्रंत कुस्तीला ये. आपला पैलवान एका डावात चीत करील."

"गप ऱ्हावा," देवजीनं हात वर केला. "आउट झाला. उंच उडवला नि झेलला."

सगळी चावडी हळहळली.

बुवा इंग्रजी तीन इयत्ता शिकलेले. त्यांनी कान दिला, तर रेडिओवर हवामान सांगत होते. आता याचं बिंग फोडायचं आणि गाव परत देवळात न्यायचं, असं ठरवून ते देवजीजवळ वाकले. "लबाडा, तुला यातलं अक्षर तरी कळतं का रे?"

"नाय कळत, बुवा," देवजी त्यांच्या कानाशी लागला. "पन तुमी एकाच संस्कृत श्लोकाचा अर्थ गेल्या साली एक सांगितला, औंदा दुसराच. मी कधी मदीच उठलो काय?"

बुवांनी उपरणं सावरलं, गर्दीत मांडी घातली आणि मोठ्यानं विचारलं, "मग देवजी, आता खेळायला कोण आला?"